दहा फुटांवरचा पिक्चर

हिंदी सिनेमाच्या धंद्यात ‘सीपी बेरार’ हा शब्द अजून चालतो. सीपी अँड बेरार हा प्रांत १९५० साली मध्य प्रदेश झाला, १९५६ साली वऱ्हाड त्यातून निघून मुंबई राज्यात आलं, पण कोणत्या सिनेमानं कुठे किती गल्ला जमवला याचा हिशेब मांडताना विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाचा काही भाग मिळून हा पट्टा अजून वेगळाच धरतात. या पट्ट्याच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत आणि भुसावळात असत. पत्र्याच्या पेट्यांमधली रिळं तिथून रेल्वेनं, एसटीनं गावोगाव निघायची. त्यातलं अमरावती म्हणजे चित्रा चौक, श्याम चौक अशी चौकांची ओळखच टॉकीजवरून सांगणारं गाव. आणि शेकडो मैल सिनेमा पोचवणाऱ्या याच गावात पुढे घरोघरी एक विचित्र अडचण उभी राहिली. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधला पिक्चर बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर काही केल्या जाईना.

मधला निरोप्या होता गेमिंग कन्सोल. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ साली आला, सोनीचा प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये, ३९,९९० रुपयांना. एवढ्या पैशांत तेव्हा मोटरसायकल येत होती. त्यामुळे ‘नुसत्या गेमसाठी?’ हा प्रश्न घरात उठायचाच, आणि पोरांचं उत्तरही ठरलेलं असायचं: यात पिक्चर दिसतात, कॉम्प्युटरमधले पिक्चर इथून थेट टीव्हीवर लावता येतात. उत्तर खोटं नव्हतं. मे २००७ च्या अपडेटपासून प्लेस्टेशन ३ ला घरच्या नेटवर्कवरून व्हिडीओ ओढता येऊ लागला होता, एक्सबॉक्सही ते करत होता. फक्त ‘थेट’ हा शब्द जरा जास्तच झाला होता.

चित्र साधारण असं असायचं. मे महिना. मूर्तिजापूरची आत्या अमरावतीला आलेली, भाच्याच्या लग्नाचं शूटिंग पाहायला. शूटिंगवाल्यानं दिलेलं लग्न पोरानं आतल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं. कन्सोल सुरू होतो, मेनूत ‘सर्च फॉर मीडिया सर्व्हर्स’ निवडलं जातं आणि पडद्यावर चक्र फिरायला लागतं. पोरगा आत जाऊन कॉम्प्युटर पाहतो, बाहेर येऊन टीव्ही पाहतो, पुन्हा आत जातो.

“काऊन रे, लागलं का लगन?”

“थांब ना आत्या, सर्च होऊन रायलं.”

“पावणे निंगून जातीन, मंग लागीन तुयं लगन.”

तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटर सापडतो. फोल्डर उघडतं, लग्नाची फाइल दिसते, आणि तिच्यापुढे लिहिलेलं असतं: ‘अनसपोर्टेड डेटा’. एखाद्या दिवशी याऐवजी ‘डीएलएनए प्रोटोकॉल एरर ७५३१’ असा निरोप येई. हा आकडा कशाचा, चूक कॉम्प्युटरची की कन्सोलची, पुढे काय करायचं, यातलं काही पडद्यावर नसे. गाडी का सुटली नाही हे न सांगता चौकशीच्या खिडकीतून नुसता गाडीचा नंबर ऐकू यावा, तसला प्रकार. याच आकड्यापायी जगभरच्या लोकांनी रात्री जागवल्या, हे कळलं असतं तर पोराला थोडा धीर आला असता.

ही यंत्रं एकमेकांना शोधतात तरी कशी? ज्यांनी गावात दवंडी ऐकली आहे त्यांना हे लगेच समजेल. कोतवाल डफडं वाजवत एका चौकात ओरडतो, ते सगळ्या घरांत ऐकू जातं, ज्याचं काम असेल तो बाहेर येतो. नेटवर्कमध्ये अशा पुकाऱ्यासाठी एक राखीव पत्ता आहे, २३९.२५५.२५५.२५०, आणि राखीव दार आहे, क्रमांक १९००. हा पत्ता कोणा एका यंत्राचा नाही. त्यावर बोललेलं घरातल्या सगळ्या यंत्रांनी ऐकायचं असतं. कन्सोल तिथे विचारतो, ‘व्हिडीओ कोणाकडे आहेत?’ कॉम्प्युटरनं ‘माझ्याकडे’ म्हणायचं. झालं, ओळख पटली.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण दवंडी ऐकू न जाण्याची कारणं बरीच निघतात. घरचं वाय-फाय पहिल्यांदा जोडताना विंडोज विचारतं, हे नेटवर्क घरचं की सार्वजनिक? घाईत ‘पब्लिक’ निवडलं गेलं की कॉम्प्युटर स्वतःला बडनेरा स्टेशनच्या फलाटावर उभा समजतो आणि अनोळखी हाकेला ओ देणं बंद करतो. हल्ली आणखी एक कारण वाढलं आहे. फायबरवाला एक डबा बसवून जातो, त्याचं वाय-फाय माडीपर्यंत पोचत नाही म्हणून घरचे वरून दुसरा राउटर आणतात. कॉम्प्युटर एकावर, कन्सोल दुसऱ्यावर. दोघांचंही इंटरनेट झकास चालतं, पण मधे वेस पडलेली असते आणि दवंडी वेशीच्या आतच विरते.

तिसरं कारण सगळ्यात चिडचिड करणारं, कारण ते मध्यंतरानंतर उगवतं. या पुकाऱ्याला मुदत असते. यंत्राची हजेरी साधारण १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास धरली जाते. तेवढ्यात पुन्हा पुकारा ऐकू आला नाही तर ते यंत्र गेलं असं समजून नाव कटतं. काही राउटर असे सामूहिक पुकारे तारेवरून वाय-फायकडे नीट पुढे ढकलत नाहीत. म्हणून चहाआधी दिसत असलेला कॉम्प्युटर चहानंतर यादीतून गायब होतो, आणि आतल्या खोलीत मात्र तो छान सुरूच असतो.

यात वऱ्हाडाची स्वतःची भर आहे. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांमध्ये अकोल्याचं नाव हमखास असतं, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अमरावती फार मागे नसते. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि बैठकीच्या खिडकीत बसतो. बॉडी पत्र्याची, तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. वाय-फायच्या लहरी अडवायला पत्रा आणि पाणी याहून चांगली जोडी शोधून सापडणार नाही. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. आणि राउटर बहुधा त्याच खिडकीशी असतो, कारण केबलवाल्याची वायर तिथूनच आत आलेली असते. थंडीभर सुरळीत चाललेला पिक्चर एप्रिलमध्ये अडकायला लागला तर आधी सॉफ्टवेअर नाही, कूलर पाहावा. जुन्या वाड्यांमध्ये हाता-दीड हाताच्या मातीच्या भिंतीही हेच काम बारा महिने इमानेइतबारे करतात.

शिवाय त्या वर्षांतलं लोडशेडिंग. लाइट गेली की यूपीएसवरचा कॉम्प्युटर तगून राही, पण राउटर दुसऱ्या बोर्डावर, तो मान टाकी. लाइट आल्यावर तो सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटी, आणि जुन्या पत्त्यावर जाऊन पिक्चर मागणारा कन्सोल रिकाम्या दारावर थाप मारत बसे.

समजा, ओळख पटली. आता माल वाहून न्यायचा. दोन तासांचा, ८ जीबीचा सिनेमा म्हणजे सेकंदाला सरासरी ९ मेगाबिट. प्लेस्टेशन ३ मधलं वाय-फाय ‘जी’ पिढीचं, कागदावर ५४ मेगाबिटचं. कागद सोडला तर हाती वीस-बावीस लागतात. त्यात कॉम्प्युटरही वाय-फायवर असेल तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा कॉम्प्युटरकडून राउटरकडे, एकदा राउटरकडून कन्सोलकडे. उरले दहा-अकरा. सरासरी ९ त्यात कशीबशी बसते, पण सरासरीनं सिनेमा चालत नाही. दोन माणसं ओसरीवर बसून बोलत असली तर थोड्या डेटात भागतं, आणि वरातीत फटाके फुटायला लागले की आकडा दुप्पट होतो. म्हणून पिक्चर नेमका हाणामारीत अडकतो. लग्नाचं शूटिंग असेल तर अक्षता पडताना. हवेत उडणारा तांदळाचा एकेक दाणा व्हिडीओला नव्यानं लिहून काढावा लागतो.

वाय-फाय हा एकपदरी रस्ता आहे. एका वेळी एकच बोलणार, बाकीचे थांबणार. जून २०२२ मध्ये अकोला-अमरावती महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला, तोही एका पदराचाच होता. त्याआधी अनेक वर्षं याच रस्त्यावर ज्यांची हाडं खिळखिळी झाली त्यांना त्या एका पदराचंही कौतुक वाटलं. जुन्या वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र कोणी रुंद केला नाही. त्यात चॅनेल तेरा दिसतात, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: १, ६ आणि ११. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये बारा फ्लॅटांचे बारा राउटर या तिघांतच दाटीवाटीनं बसतात.

इथे एक गैरसमज आहे आणि तो महागात पडतो. पिक्चर अडकतो म्हणून लोक नेटचा प्लॅन वाढवतात. घरातल्या कॉम्प्युटरमधून घरातल्या टीव्हीकडे जाणारा पिक्चर इंटरनेटवर जातच नाही. दारातली महापालिकेची पाइपलाइन मोठी करून माठातलं पाणी पेल्यात लवकर पडत नाही. प्लॅन २ एमबीचा असो की २०० चा, आतल्या खोलीपासून बाहेरच्या खोलीपर्यंतचा रस्ता तोच राहतो.

आता ‘अनसपोर्टेड डेटा’कडे यायला हवं. फाइलच्या नावापुढची एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही शेपटं म्हणजे फक्त डबा. आत भाजी कोणती, हे डब्यावरून कळत नाही. चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं, आवाज दुसऱ्याच, आणि उघडणाऱ्याला दोन्ही यावं लागतं. प्लेस्टेशन ३ ला एमकेव्ही हा डबाच उघडता येत नाही, आत ओळखीची भाजी असली तरी. एक्सबॉक्स ३६० एमपी४ उघडतो, पण त्यातला एएसी पद्धतीचा आवाज दोनच चॅनेलचा हवा. सहा चॅनेलचा असेल तर नापसंत. २०१३ साली एच.२६५ ही नवी पद्धत मंजूर झाली. तीत साधारण तेवढ्याच दर्जाचं चित्र निम्म्या जागेत मावतं, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. हे दोन्ही कन्सोल तोवर जुने झाले होते, त्यांना ती कधीच उमगली नाही.

यावर उपाय म्हणजे दुभाषी. पीएस३ मीडिया सर्व्हर नावाचा एक फुकट प्रोग्राम याच कामासाठी लोकप्रिय झाला. कन्सोलला न कळणारी फाइल तो चालता चालता कळणाऱ्या पद्धतीत उलथून द्यायचा. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. काम फार कष्टाचं. सेकंदाला चोवीस-पंचवीस चित्रं उलगडायची, पुन्हा दाबायची, आणि एकही सेकंद मागे पडायचं नाही. २००८-०९ च्या सुमाराचा घरगुती कॉम्प्युटर याला जेमतेम पुरायचा. त्यात अकोल्याचा मे महिना. आतल्या खोलीत पंखा घरघरायला लागायचा, कॅबिनेटला हात लावला तर चटका, आणि बाहेर टीव्हीवर ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. शिवाय पुढे पळवायची सोय अर्धवट. दुभाष्यानं अजून न बोललेलं वाक्य ऐकायचं कसं?

एक अडचण मात्र लोकांनी ओढवून घेतलेली होती. चांगला चाललेला नवा सिनेमा वीस मिनिटांनी एकदम मुका व्हायचा आणि पडद्यावर ‘सिनाविया’ असं नाव यायचं. थिएटरमधल्या प्रतींच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण पेरलेली असते. हॉलमध्ये कॅमेरा लपवून काढलेल्या चोरट्या नकलेतही ती उतरते. नोव्हेंबर २००९ च्या अपडेटनंतर प्लेस्टेशन ३ ती खूण ओळखून आवाज बंद करू लागला. तक्रार करायला जागा नव्हती.

पण बाकीच्या मनस्तापाचं काय? तिथे दोष पोराचा नव्हता, आणि अमरावतीचाही नव्हता. घरातल्या सगळ्या यंत्रांनी एकच भाषा बोलावी म्हणून २००३ साली बड्या कंपन्यांनी एक संघटना काढली. तिचंच नाव पुढे डीएलएनए झालं. सोनी आणि इंटेल त्यात पुढे होत्या. त्यांनी नियम केले, पण सक्ती फार थोड्या पद्धतींची ठेवली. फोटोला जेपीईजी, व्हिडीओला डीव्हीडीच्या काळातला एमपीईजी-२, वगैरे. बाकीचं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. लोकांच्या कॉम्प्युटरवर तेव्हा नेमकं ‘बाकीचं’ भरलेलं होतं. खोक्यावर शिक्का खरा होता, आतली फाइल मात्र शिक्क्याच्या बाहेरची.

पुढचं तर आणखी मजेशीर. नोव्हेंबर २०१३ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन ४ बाजारात आणला आणि त्यात ही सोयच नव्हती. ज्या कंपनीनं संघटना उभी केली तिच्याच नव्या यंत्राला घरच्या कॉम्प्युटरची ओळख नाही! बरीच ओरड झाली, आणि जून २०१५ मध्ये मीडिया प्लेअर देण्यात आला. जानेवारी २०१७ मध्ये संघटनेनं आपलं काम संपलं म्हणून गाशा गुंडाळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ मधून तो मीडिया प्लेअर पुन्हा गेला. काम खरंच संपलं असतं तर आत्यासमोर भाच्याचं लग्न केव्हाच लागलं असतं. खरं कारण धंद्याचं दिसतं. २००३ साली पिक्चर लोकांच्या हार्डडिस्कवर होते, दहा वर्षांत ते महिन्याच्या वर्गणीवर गेले. आपल्याच दुकानात माल असताना गिऱ्हाइकानं घरून डबा आणावा, असं कुठल्या खानावळवाल्याला वाटतं?

नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आलं, सप्टेंबरमध्ये जिओ. तेव्हापासून अकोल्यात हे रोज घडतं: हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरवरचा सिनेमा चटकन लागतो, शेजारच्या खोलीतला लागत नाही. यात जादू नाही. तिकडे एकाच सिनेमाच्या लहानमोठ्या अनेक प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात, आणि समोरच्या यंत्राला कोणती झेपते हे ठाऊक असतं. रस्ता अरुंद झाला की हळूच हलकी प्रत पुढे सरकवतात. चित्र जरा धूसर होतं पण थांबत नाही. घरच्या कॉम्प्युटरकडे एकच प्रत असते. ती जाईल तर पूर्ण जाईल, नाहीतर चक्र फिरेल.

या सगळ्यात ज्यांनी प्रश्न खरोखर सोडवला ते कंपन्यांचे लोक नव्हतेच. पहिल्या एक्सबॉक्सचं कुलूप फोडून काही हौशी प्रोग्रामरांनी २००२ च्या सुमारास त्यासाठी स्वतःचा प्लेअर लिहिला. जवळजवळ कुठलाही डबा उघडणारा. एक्सबॉक्स मीडिया सेंटर हे त्याचं नाव पुढे २०१४ साली ‘कोडी’ झालं, आणि ज्या यंत्रासाठी तो जन्मला त्या घराण्यात त्याला उजळ माथ्यानं प्रवेश मिळाला २०१७ साली, एक्सबॉक्स वनवर. पंधरा वर्षं वनवासात काढून. आजही घरात एक्सबॉक्स वन किंवा त्यानंतरचा कन्सोल असेल तर कोडी किंवा व्हीएलसी टाकून घेणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग आहे.

मूर्तिजापूरच्या आत्यासमोर पोरगा शेवटी पेनड्राइव्ह घेऊन येतो, आणि तिथेही एक खड्डा असतोच. प्लेस्टेशन ३ फक्त फॅट३२ पद्धतीनं आखलेला पेनड्राइव्ह वाचतो, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. अडीच तासांचं एचडी लग्न सहज त्याच्या पुढे जातं. मग लग्नाचे तुकडे करावे लागतात: हळद, सीमांतपूजन, वरात, जेवणावळी. प्लेस्टेशन ४ ला एक्सफॅट चालतं, एनटीएफएस चालत नाही.

पेनड्राइव्हची ये-जा नको असेल तर उपाय जुनाच आहे: तार. राउटरपासून कन्सोलपर्यंत आणि जमलं तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतही लॅन केबल टाकावी. वीस वर्षांपूर्वीचा एक्सबॉक्स ३६० सुद्धा तारेवर १०० मेगाबिट घेतो, म्हणजे वरातीतले फटाके आणि अक्षता धरूनही उरतं. भिंत, कूलर, शेजारचे बारा राउटर, कशाचा त्रास नाही. केबल कॅट-५ई असली तरी पुरते, १०० मीटरपर्यंत चालते. दाराच्या चौकटीखालून नेताना ती चेंबेल अशी नेऊ नये, आणि उंदरांचा त्रास असेल तर पट्टीतून न्यावी. कॉम्प्युटरच्या दुकानात मापानं कापून दोन्ही टोकांना पिना लावून देतात. पैसे देण्याआधी ती तिथेच टेस्टरवर लावून पाहावी. एकापाठोपाठ आठही दिवे क्रमानं लागले, तरच घरी आणावी.